अप्पांचा बसवा

आमच्या घरमालकांना सायकल उत्तम चालवता यायची; फक्त तिच्यावर चढता आणि तिच्यावरून उतरता यायचं नाही. दोन्ही गोष्टींना त्यांना ओटा लागायचा. एक ओटा घराच्या दाराशी होता, दुसरा बाजारातल्या त्यांच्या गुळाच्या दुकानाशी. घरच्या ओट्यावरून ते सायकलीवर बसायचे आणि दुकानाच्या ओट्याला पाय टेकवून उतरायचे. मधल्या वाटेत साक्षात तहसीलदार भेटले तरी अप्पांना थांबता यायचं नाही. मग ते काय करायचे, तर भेटलेल्या माणसाभोवती गोल गोल फिरत बोलायचे. "शरणार्थ, मास्तर. शाळा काय म्हनतीय?" हा प्रश्न आमच्या ह्यांच्या उजव्या कानाशी सुरू व्हायचा आणि डाव्या कानाशी संपायचा. वडीलधाऱ्या माणसाकडं पाठ करून बोलणं बरं दिसत नाही म्हणून हेही जागच्या जागी फिरायचे. घरी आले की म्हणायचे, "अप्पा भेटले होते. जरा पाणी दे, गरगरतंय."

ही गोष्ट निजामाच्या अमलातली, दुसरी मोठी लढाई चालू होती त्या वर्षांतली. हे तिथल्या सरकारी शाळेत भूगोल शिकवायचे, तोही उर्दूतून. मी नवीन लग्न होऊन बेंबळीहून आले होते. आमचं ते गाव नळदुर्गाच्या पुढं, कानडी मुलखाला खेटून. निम्मं गाव घरात कानडी बोलायचं, रस्त्यावर मराठी आणि कचेरीत तिसरंच काहीतरी. मला फक्त मराठी यायची. पुढं जे घडलं ते माझ्या या अडाणीपणामुळं घडलं, हे मी अजूनही मोठ्या तोऱ्यात सांगते.

अप्पा बुटके आणि गोल. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि सायकलीच्या साखळीत अडकू नये म्हणून धोतराचे सोगे गुडघ्यापाशी सुतळीनं बांधलेले. आम्ही त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहायचो. खोल्या दाखवताना त्यांनी भिंती, चूल, पाणी यांतलं काहीच सांगितलं नव्हतं. थेट अंगणात नेऊन सायकल दाखवली आणि म्हणाले, "ह्यो बसवा. ह्येच्या अंगावर पाय द्यायचा न्हाय. बाकी घर तुमचंच."

बसवा म्हणजे कानडीत महादेवाचा नंदी. हे नाव सायकलीला हद्दीवरच्या नाक्यावर पडलं. सोलापूर इंग्रजी हद्दीत, आणि तिथून काहीही आणायचं तर नाक्यावर दाखवावं लागायचं. अप्पा तिथून नवी सायकल घेऊन, ती हातात धरून चालत आलेले. नव्या जनावराला पहिल्या दिवशी जुंपू नये, असं त्यांचं म्हणणं. नाक्यावरच्या माणसानं विचारलं, "सवारी है तो पैदल काय कू आए?"

"सवारी न्हाय साहेब, बसवा हाय. महादेवाचा नंदी."

तो माणूस बराच वेळ सायकलीकडं बघत राहिला आणि म्हणाला, "नंदी है तो गले में घुंगरू बांधो ना."

त्यानं थट्टा केली होती. अप्पांनी ती सल्ला म्हणून घेतली. गावात शिरायच्या आधी हँडलला घुंगुरमाळ बांधली. तेव्हापासून अप्पा येतायत हे आधी घुंगरं सांगायची, मग घंटा सांगायची आणि शेवटी अप्पा दिसायचे. घंटा तर ते कोंबडीसाठीही वाजवायचे.

पोळ्याला सायकल न्हाऊन निघायची. हँडलच्या दोन्ही टोकांना बेगड, सीटवर झूल, आणि गावच्या बैलांच्या मिरवणुकीत सगळ्यात शेवटी अप्पा तिला हातानं धरून चालवायचे. पुरणपोळीचा घास कुठून भरवायचा हा एक प्रश्न होता. तो त्यांनी कुणाला न विचारता सोडवला आणि घास स्वतःच खाल्ला. "त्यो आन म्या काय येगळं हाय?" असं वर आम्हालाच विचारलं.

नंदीच्या कानात आपली इच्छा सांगतात ना, तसं या बसवाच्या घंटेपाशी तोंड नेऊन इच्छा सांगायची, अशीही अप्पांनी रीत पाडली होती. लोक हसायचे आणि सांगायचेही. परीक्षेच्या दिवसांत शाळेतली पोरं रांग लावायची. मीसुद्धा एकदा इकडंतिकडं बघून घंटेला सांगून घेतलं, की मला दिवाळीआधी बेंबळीला पाठव. पाठवलं नाही, पण ते बसवाच्या हातात नव्हतं.

या सगळ्या गोंधळात अक्का, म्हणजे अप्पांच्या बायको, शांत असायच्या. माहेर आळंदकडचं, उंच, सावळ्या, मोजकं बोलणाऱ्या. रोज सकाळी अप्पा ओट्यावरून सायकलीवर बसले, मागच्या कॅरेजवर दुकानाची गुळाची ढेप पोत्यात गुंडाळून बांधली, की अक्का ओले हात पदराला पुसत दारात यायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. "बसवा." अप्पा ओट्याला पायानं रेटा द्यायचे आणि निघायचे. नवऱ्याचं नाव घेता येत नाही म्हणून बैलाचं घेतात, असं सगळी गल्ली म्हणायची. मलाही ते गोड वाटायचं.

त्या वर्षी पावसाळ्यात अप्पांचा उजवा गुडघा धरला. वैद्यांनी सांगितलं, सायकल बंद करा, नाहीतर पाय कायमचा बंद होईल. अप्पांनी चार दिवस तोंड फिरवून घेतलं आणि मग कबूल झाले. एकुलती मुलगी सोलापुरात दिलेली, जावई गिरणीत. लढाईमुळं नवी सायकल मिळत नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला जावयानं येऊन बसवाला घेऊन जायचं ठरलं.

त्यानंतरच्या एका दुपारी मी आणि अक्का ओसरीत वाती वळत बसलो होतो. समोर बसवा भिंतीला टेकून उभा. मी सहज म्हणाले, "अक्का, आता हा निघाला. तुम्ही याच्या कानात काय मागितलं होतं?"

"कानात कशाला सांगू? म्या तर रोज तोंडावर सांगते की, दारातनं."

"काय सांगता?"

"बसवा."

"ते तर त्याचं नाव."

अक्कांनी हातातली वात पूर्ण वळली, ताटात ठेवली आणि मग म्हणाल्या, "नाव त्येचं हाय. सांगनं ह्येंना हाय."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी बेंबळीची, माझ्या कानात कानडीतला बैल कुठला मुरलेला? तो शब्द मी माझ्या मराठीत ऐकला. बसवा. मला बसवा. म्हणजे ही बाई सायकल आली त्या दिवसापासून रोज सकाळी, साऱ्या गल्लीदेखत, नवऱ्याला म्हणत होती की मला एकदा बसवा, आणि सारी गल्ली तिच्या बैलप्रेमाचं कौतुक करत होती. मला हसूही आलं आणि रडूही आलं.

"अप्पांना कळलं नाही?"

"ह्येंच्या कानात कानडी हाय, पोरी. ह्येंना बैलच ऐकू येतो." मग त्या कॅरेजकडं बघून म्हणाल्या, "रोज गुळाची ढेप बसती तिथं. म्या काय ढेपंपरीस जड हाय?"

"मग सरळ सांगायचं."

"आन ह्येंनी न्हाय म्हनलं तर? गावातनं बायकूला कॅरेजवर बसवून नेलं तर पोरं मागं लागतील, मानसं दुकानात येऊन हासतील. त्ये न्हाय म्हनतील, आन त्येंचं खरंच असंल. न्हाय ऐकन्यापरीस बैल बरा."

पाडव्याला मोजके आठवडे उरले होते. मला काही राहवेना. संध्याकाळी अप्पा ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते, तिथं जाऊन मी म्हणाले, "अप्पा, उद्या अक्का दारात येतील तेव्हा त्यांचं बोलणं मराठीत ऐका." एवढं बोलून मी पळाले.

वैद्यांचं ऐकूनही अप्पा पाडव्यापर्यंत दुकानाला सायकलीवरच जात होते. दुसऱ्या सकाळी ते बसले, ढेप बांधली, अक्का आल्या. "बसवा." अप्पांनी पाय रेटण्यासाठी उचलला आणि तसाच धरला. त्यांनी वळून अक्कांकडं बघितलं. अक्का आत निघून गेल्या. अप्पा ओट्याला पाय लावून कितीतरी वेळ तसेच बसले होते. गल्लीतल्या लोकांना वाटलं, गुडघा धरला.

त्याच दिवशी शाळेच्या वाटेवर त्यांनी आमच्या ह्यांना गाठलं आणि फेऱ्या सुरू केल्या.

"मास्तर, बेट कशाला म्हनतात?"

ह्यांनी सवयीनं वर्गातलं उत्तर दिलं, "जिसके चारों तरफ पानी हो, उसको जजीरा कहते हैं."

"चारी बाजूंनी पानी. म्हंजे चालत कुनी येत न्हाय."

"नाही."

"कुनी बघत बी न्हाय."

"पाण्यातून कोण बघणार, अप्पा?"

"बास," म्हणून अप्पा सरळ निघून गेले. हे घरी येऊन म्हणाले, "म्हातारा भूगोलाकडं वळला वाटतं." मला मात्र त्या रात्री आनंदानं झोप आली नाही.

गावाबाहेर मोठा तलाव होता आणि तलावात एक बसकी टेकडी. टेकडीवर महादेव. शिवरात्रीला पाणी ओसरलेलं असतं, तेव्हा सारा गाव चिखल तुडवत चालत तिथं जातो. त्या लोकांच्या पायांनी देवळाभोवती, पार काठाकाठानं, चांगली घट्ट वाट पडलेली. पावसाळ्यात तलाव भरला की टेकडीचं चार महिने बेट व्हायचं आणि तिकडं बगळ्यांशिवाय कुणी फिरकायचं नाही. गावाकडच्या अंगाला बाभळींची दाटी, पलीकडं नुसतं माळरान. अप्पांनी आयुष्यभर हे बघितलं होतं, पण त्याचा उपयोग त्यांना आत्ता सुचला.

गावात होडी नव्हती. कुणाला पाण्यापलीकडं जायचंच असलं तर गुऱ्हाळातली काहील पाण्यात लोटायची. उसाचा रस आटवायची ती भलीमोठी पसरट लोखंडी कढई. गुऱ्हाळवाला अप्पांचा रोजचा, भोई ओळखीचा. बसवा गाव सोडून चालला, त्याला महादेवाचं दर्शन घडवून आणायचं, असं अप्पांनी जाहीर केलं. एकाही माणसाला त्यात काही वावगं वाटलं नाही. दुसरा कुणी असता तर चौकशा झाल्या असत्या. अप्पांच्या वेडाचा असा उपयोग होईल हे त्यांनाही माहीत नसावं.

सोमवारी सकाळी निम्मा गाव काठावर. पहिल्या खेपेला बसवा आणि अप्पा. भोई म्हणाला, "अप्पा, सायकल आडवी टाका."

"नंदी आडवा टाकत न्हाईत," अप्पा म्हणाले आणि काहिलीच्या मधोमध सायकल उभी धरून स्वतः तिला बिलगून उभे राहिले. भोयानं बांबू टेकवला आणि काहील सुटली. काहिलीला पुढं-मागं काही नसतं, ती फिरत फिरतच जाते. त्यामुळं काठावरून आम्हाला एकदा अप्पांचं तोंड दिसायचं, एकदा पाठ, एकदा नुसतं चाक, पुन्हा तोंड. घुंगरं पाण्यावरून खुळखुळत होती. ह्यांनी माझ्या कानाशी येऊन समाधानानं सांगितलं, "आज त्यांना कळेल, माझं काय होतं ते."

दुसऱ्या खेपेला अक्का, मी आणि बेलाची टोपली. मी त्याआधी कधी पाण्यावर तरंगले नव्हते. काहील फिरायला लागली तसं गाव, माळ, देऊळ, आभाळ सगळं आमच्याभोवती फेर धरायला लागलं. मी डोळे मिटले. अक्कांनी माझा दंड घट्ट धरला होता. मला वाटलं त्या भ्याल्या, म्हणून एक डोळा उघडून बघितलं, तर त्या हसत होत्या. तोंड उघडं टाकून, लहान पोरीसारख्या. अक्कांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

बेटावर उतरल्यावर अप्पांनी भोयाला परत पाठवलं. "पूजेला येळ लागंल. घंटा वाजली की या." तो काहील घेऊन गावाच्या काठाला गेला आणि गर्दीही पांगली.

महादेवाला बेल वाहिला. मग आम्ही तिघं देवळाच्या ओट्याशी आलो. अप्पांनी कॅरेजवर पोत्याची चौपदरी घडी ठेवली, ती दोनदा झटकली, आणि ओट्यावरून सायकलीवर बसले. मी हँडल धरलं. अप्पा समोर बघत, अगदी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, "बसा."

अक्का ओट्यावर उभ्याच. पाय पुढं टाकेनात. मला धास्ती पडली, की आता इथं येऊन ही बाई नको म्हणते की काय. अप्पांचा आवाज बदलला. "इतकी वर्सं ऐकायला आलं न्हाय मला. आता आलंय. बसा की वो."

अक्का लुगड्याचा घोळ सावरून एका अंगाला बसल्या. सायकल कुरकुरली. मी मागून जीव खाऊन रेटा दिला आणि धावायला लागले. दहा-वीस पावलं सायकल इकडं कलली, तिकडं कलली, अक्का "यप्पा, यप्पा" करत अप्पांचा सदरा दोन्ही मुठींनी धरून, आणि मग एकदम चाकं वाटेला लागली. मी थांबले. सायकल थांबली नाही. बाभळींमागून ती पाण्याच्या कडेला निघाली. अक्कांचा पदर डोक्यावरून खांद्यावर आला होता आणि त्यांनी तो वर घेतला नाही. मी तिथंच उड्या मारत टाळ्या वाजवायला लागले. मास्तरांची बायको, पण बघायला होतं कोण?

आता पुढची अडचण माझ्या ध्यानात आली. महादेवाच्या पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं ती ओलांडायची नाही, तिथवर जाऊन मागं फिरायचं, हा नेम. देवळाची ती पन्हळ उतरत वाटेला आडवी जाऊन तलावाला मिळालेली. अप्पांना थांबता येत नाही आणि ओलांडायचं तर पाप. मी ओरडणार तोवर अप्पा पन्हळीपाशी पोचले, आणि जन्मभर माणसांभोवती गिरक्या घेतलेला तो माणूस बायकोसकट जागच्या जागी वळला. तसाच वाटेनं उलटा निघाला, बेटाला वळसा घालून पन्हळीच्या दुसऱ्या अंगाला पोचला आणि तिथूनही वळला. माझ्यासमोरून जाताना अक्का मला सांगून गेल्या, "शिवाची परदक्षणा हाय पोरी, हिला शेवट न्हाय."

तिसऱ्या खेपेला अप्पांचा चेहरा मला दिसला. घाम निथळत होता. उजवा गुडघा प्रत्येक फेऱ्याला ते दात खाऊन खाली दाबत होते. मी ओट्याकडं हात केला. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मागून अक्का म्हणत होत्या, "इन्नोंद सल." आणखी एकदा. एवढं कानडी मला तोवर यायला लागलं होतं.

"आन घंटा वाजवा की," अक्कांनी फर्मावलं. "कोंबड्यांसाठी वाजवता रोज."

अप्पांनी घंटा वाजवली. मनसोक्त वाजवली. बगळे उडाले. आम्ही तिघंही विसरलो होतो, की घंटा कशाची खूण आहे. सायकल पाण्याच्या कडेनं येते आहे, अक्का हसतायत, पदर वाऱ्यावर, आणि समोरून भोई काहील घेऊन हजर.

सायकलीला लपायची सोय नव्हती आणि थांबायचीही नव्हती. अप्पा भोयाच्या देखत गेले, पन्हळीपाशी वळून पुन्हा त्याच्या देखत आले आणि ओट्याला लागले. मी धावत जाऊन दोघांना धरलं. अक्कांनी पदर ओढला. चेहरा पार उतरला होता. इतक्या वर्षांनी मिळालेलं सुख त्यांना एका घंटेसरशी भोवणार होतं. आता दिवेलागणीपर्यंत गावभर होणार, अप्पांचं दुकानात हसं होणार.

भोई काहिलीतच उभा होता, आमच्याकडं पाठ करून. तसाच म्हणाला, "आक्का, ही काहील लई फिरती बगा. म्या कुठनं आलो, काय बगितलं, मला काय बी उमगंना. बेल व्हायचा ऱ्हायला आसंल तर व्हावा. म्या तमाखू मळतो तवर."

अप्पा म्हणाले, "ऱ्हायलाय थोडा."

आणि त्या दुखऱ्या गुडघ्यानं त्यांनी अक्कांना आणखी एकदा नेलं. भोयानं मागं वळून बघितलं नाही. तमाखू मात्र त्याची बराच वेळ मळून होईना.

गावात परतताना अप्पांना चालवत नव्हतं. ते सायकलीवर भार टाकून लंगडत होते आणि लोक म्हणत होते, नंदीच्या निरोपानं म्हातारा खचला. नंतर ते पुन्हा कधी सायकलीवर बसले नाहीत. ढेप हमालाच्या डोक्यावरून जायला लागली. भोयानं तोंड उघडलं नाही. आम्ही तीन वर्षांनी बदली होऊन गेलो, तोवर तरी ही गोष्ट गावात कुणाला माहीत नव्हती. ह्यांना मी सांगितली, कारण बेटाची व्याख्या त्यांची.

पाडव्याला जावई आला. भला मुलगा, सासऱ्यासमोर मान वर न करणारा. अप्पांनी त्याला घुंगुरमाळ कशी बांधायची, भस्म कुठं लावायचं, कोंबडी दिसली की घंटा कशी वाजवायची हे सगळं दोनदा समजावलं. मग पाय लांब करून ओट्यावर बसले आणि दुसरीकडं बघायला लागले. गल्ली गोळा झाली होती. जावयानं सायकल ओट्याला लावली. अक्का ओले हात पदराला पुसत दारात आल्या. सगळे थांबले, कारण आता त्या बैलाला हाक मारणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अक्का म्हणाल्या, "बसले."

अप्पांनी झटकन मान वळवली. जावयाला वाटलं, सासूबाईंना उभं राहवत नाही. त्यानं सायकल भिंतीला टेकवली, धावत आत गेला, पाट आणून दारात मांडला आणि त्यांचा हात धरून म्हणाला, "मामी, बसा."

अप्पा इतके हसले, की गुडघा धरून हसले. हसता हसता डोळे पुसले. अक्का मुकाट्यानं पाटावर बसल्या, पदर सारखा केला आणि अप्पांकडं बघून म्हणाल्या, "जावाई लई गुनाचा हाय. न सांगता बसवलं."